टायरमधली काळी पूड

“उस्ताद, मग दुकान कधी काढू मी?”

भैरूचा हा प्रश्न दोन वर्षं जुना होता. दस्तगीर उस्तादांनी त्याला कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

कागलच्या अलीकडे, महामार्गाला लागून उस्तादांचं पंक्चरचं दुकान. भैरू तिथे आठ वर्षं टायर उतरवत होता. स्वतःच्या दुकानासाठी त्याने जागा बघितली होती, यंत्र ठरवलं होतं. बोर्ड तेवढा रंगवायचा राहिला होता. उस्तादांनी होकार दिल्याशिवाय तो पेंटरकडे जाणार नव्हता. तेवढी लाज त्याला होती. गर्वही होता, दोन्ही एकाच अंगात सुखाने नांदतात.

“गिऱ्हाईक आलंय,” उस्ताद म्हणाले.

लाल, बुटकी, पळणारी गाडी. मागचं चाक बसलेलं. साहेब उतरले. बायको आणि लहान मुलगी समोरच्या रसाच्या गाड्यावर गेल्या.

“खिळा लागलाय. जरा लवकर करा. संध्याकाळी गोव्यात पोचायचंय, आणि या गाडीत स्टेपनी नसते.”

भैरूने खिळा उपटला. भोकात चिकट रबराची दोरी ठासली. हवा भरली, साबणाचं पाणी ओतलं. एक बुडबुडा नाही. पाच मिनिटांत काम खलास.

“झालं साहेब. बिनधास्त पळवा.”

“टायर रिमवरनं उतरव,” उस्ताद म्हणाले.

“कशाला? खिळा मधोमध होता. हवा गळत नाही.”

“उतरव.”

गिऱ्हाइकासमोर असं बोललेलं कुणाला आवडतं? भैरूने तोंड वाकडं करून टायर उतरवला.

उस्तादांनी टायरच्या पोटात हात घालून गोल फिरवला. मग भैरूसमोर तळवा उघडला.

मिश्रीसारखी काळी पूड.

भैरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवा नसताना गाडी पळवली की टायरची बाजू आतून भरडली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं.

“साहेब, हवा गेल्यावर किती लांब आलात?” उस्तादांनी विचारलं.

“लगेच थांबलो मी.”

उस्तादांनी तोच तळवा त्यांच्यापुढे धरला.

“...सहा किलोमीटर असेल. थांबायला जागाच नव्हती.”

“टायर गेला.”

“गेला कसा? हवा टिकतेय की. तुमच्याच माणसाने सांगितलं, बिनधास्त पळवा म्हणून. बसवा परत. मी हळू चालवीन.”

उस्ताद भैरूकडे बघत राहिले.

लबाडी साहेबांची होती. तसं म्हणून भैरूला सुटता आलं असतं.

“साहेब, मी आत न बघता बोललो,” तो म्हणाला. “चुकलं माझं. ह्यो टायर फुटणार. कुठं फुटणार, ते मला सांगता यायचं न्हाई.”

“पण तुम्हीच तर...”

“व्हय. मीच.”

साहेबांनी रस्त्यापलीकडे बघितलं. मुलगी दोन्ही हातांनी ग्लास धरून रस पीत होती.

“...फोन करतो,” ते म्हणाले. “कोल्हापुरातून दुसरा मागवतो.”

“मग ह्यो कापू? कुणी पुन्हा बसवायला नको.”

साहेबांनी मान हलवली.

मेलेल्या टायरला सुरी लावायची ती उस्तादांनीच, अशी त्या दुकानाची रीत. आठ वर्षांत ती सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. उस्तादांनी ती कमरेची काढली आणि मुठीकडून भैरूपुढे धरली.

भैरूने टायरची बाजू चिरली. सुरी पुसून परत दिली.

“उस्ताद, आज माझ्या हातनं एक माणूस मेला असता.”

“तीन.”

भैरूने मान खाली घातली.

“दुकानाचं ऱ्हाऊ दे मग,” तो म्हणाला. “आणखी दोन वर्षं इथंच ऱ्हातो.”

उस्तादांनी बादलीत हात बुडवून पूड धुतली.

“पेंटर जेवला की झोपतो. आत्ताच जा.”