रांगोळीतलं टेबल

हेमलताबाईंच्या नव्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये भिंतच नव्हती. गॅलरीतलं कोवळं ऊन थेट ओट्यापर्यंत तरंगत यायचं आणि सासूबाई वॉकर धरून त्या उन्हाकडे स्वप्नात चालल्यासारख्या जायच्या. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच फिरणं.

नामांकित सजावटकार सरपोतदार म्हणाले, "इथे मधोमध आठ खुर्च्यांचं संगमरवरी टेबलच शोभेल. बाई, यातलं आम्हाला कळतं."

"बरं. उद्या सकाळी या, टेबल मांडून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सरपोतदार आले, तर जमिनीवर रांगोळीने टेबल रेखलेलं होतं, अगदी त्यांच्याच मापाचं, मागे ओढलेल्या खुर्च्यांसकट. उन्हात ते पांढऱ्या ढगासारखं दिसत होतं.

"गॅलरीत बसा, चहा आणते," हेमलताबाई म्हणाल्या.

सरपोतदार निघाले आणि थबकले. डावीकडे खुर्ची, उजवीकडे खुर्ची. रांगोळीवर पाय कसा द्यायचा?

"अहो, जाऊ कुठून?"

"माझ्या सासूबाई रोज हेच विचारतील," हेमलताबाई हळूच म्हणाल्या. "रांगोळी मी आत्ता पुसून देते. संगमरवर कशाने पुसू?"

सरपोतदारांनी वही उघडली आणि लिहिलं, 'चार खुर्च्या, भिंतीलगत.'