दारापुढचं बंदर

समुद्राकाठच्या जनावरांनी अजून होडी पाहिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक देवमाशीण वर्षातून एकदा त्यांना पाठीवर घेऊन समुद्र दाखवायला न्यायची. निघायची जागा एकच होती, कातळाखालचं खोल बंदर.

"मावशी, तिथवर चालून माझे पाय झिजतात. आमच्या खाडीतूनही निघ की," सशानं गाऱ्हाणं मांडलं. ती हो म्हणाली. मग साळिंदराला आपली खाडी हवी झाली, मग मुंगसाला. तिला कोणालाच नाही म्हणता येत नसे.

मुंगसाची खाडी शेवटची आणि सर्वांत उथळ होती. चिखलातली इवलीशी निवटी मासळी म्हणाली, "मुंगूसभाऊ, तुम्ही पाणी पाहिलंत ते उधाणाच्या भरतीचं. रोज एवढं नसतं."

"बोटभर तुझं अंग, तुला काय कळणार मावशीचं?" मुंगूस हसला.

ठरल्या दिवशी देवमाशीण सगळ्यांना घेऊन तिथं पोचली, तेव्हा भरतीचं पाणी तिला जेमतेम पुरत होतं. मुंगसाच्या घरी अजून फराळ बांधणं चाललं होतं. "आलोच, मावशी!" आतून हाक आली. पाणी उतरू लागलं.

"मावशी, निघ!" निवटी ओरडली.

"मुंगसाची पोरं यायची आहेत गं," देवमाशीण म्हणाली आणि थांबली.

पोरं आली तोवर तिचं पोट चिखलात रुतलं होतं. सगळ्यांनी उतरून ढकललं, पण ती हलली नाही. निवटी तिच्या डोळ्यावर पाणी उडवत राहिली. पुढच्या भरतीआधीच तिचा श्वास थांबला.

ससा तीन खाड्यांची वाट चालत घरी गेला. पायांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही.