तेरड्याचा निवाडा

“मग दोष कुणाच्या झाडाचा, स्वामीजी?”

हर्षदने हातातली कुंडी मठाच्या अंगणात ठेवली. कुंडीतला तेरडा फुलांनी लगडला होता. शेंग मात्र एकही भरली नव्हती.

घाटावरच्या रानतेरड्याचा आणि कोकणातल्या रानतेरड्याचा हा संकर. घाटावरचं झाड हर्षदचं, कोकणातलं त्याचा गुरुबंधू रघुवीर याचं. दोघांनाही जनुकशास्त्र शिकवलं ते याच स्वामींनी, भगवी वस्त्रं घेण्याआधी कॉलेजात.

आता दोघांचं बोलणं बंद होतं. एकाने म्हणायचं तुझं बी नासकं, दुसऱ्याने त्यावर कडी करायची. विद्या चढली की माणसाला न्यायाधीश व्हायची हौस सुटतेच. स्वामींचा निवाडा मिळाला की हर्षद तो छापणार होता, आणि रघुवीरचं नाव मातीत जाणार होतं. वाटभर तो मनात मांडे खात आला होता.

“बिघाड सापडलाय,” तो म्हणाला. “रघुवीरच्या झाडातलं एक जनुक. त्याच्यामुळे परागकण पोकळ निघतात.”

“रघुवीरच्या रानात ते झाड शेंगा धरतं?”

“धरतं... भरपूर.”

“मग तिथे ते जनुक का नडत नाही?”

“आमच्याकडच्या एका जनुकाशी गाठ पडली, की मगच नडतं.”

“आणि तुमच्याकडचं ते?”

“घरी निमूट नांदतं...”

स्वामी उठले. पायातली एक लाकडी खडाव काढून त्यांनी हर्षदपुढे सरकवली.

“डाव्या पायात ही घाल. उजव्यात तुझी चप्पल राहू दे. विहिरीपर्यंत जाऊन ये.”

हर्षद निघाला. एक पाय उंच, एक सखल. अर्ध्या वाटेत लचकला, विहिरीच्या कठड्याला धरून वळला आणि ओशाळं हसत परत आला.

“वाईट कोणती?”

हर्षदने आपल्या पायांकडे पाहिलं.

“दोन्ही चांगल्या,” तो म्हणाला. “जोडी नाही, इतकंच.”

स्वामींनी मान हलवली. दोन्ही तेरडे एकाच आजीची नातवंडं, ते म्हणाले. मधे कडा आला, युगं लोटली. जो तो आपल्या मातीला सरावत गेला, पोटातून बदलत गेला.

“भांडलं कुणीच नव्हतं, हर्षद.”

हर्षदने खडाव काढून स्वामींपुढे ठेवली. प्रयोगशाळेच्या पायरीवर रघुवीर आणि तो एकाच डब्यात जेवायचे. कोकणात गेल्यावर त्याचं कसं चाललंय, हे हर्षदने एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःची त्याला फार लाज वाटली.

“निवाडा नको मला,” तो म्हणाला. “पण आता रघुवीरला लिहू तरी काय?”

स्वामींनी त्या बी न धरणाऱ्या तेरड्याला तांब्याभर पाणी घातलं...

“विचार, तिकडे पाऊस कसा आहे.”