नळाजवळचा नमुना

पाथरमाळ नावाचं एक गाव. गावाला लागून खडीचे तीन क्रशर. त्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा शिपाई होता. शाळेची घंटा वाजवायची, पाणी भरायचं, हे त्याचं काम. बिऱ्हाडही शाळेच्या आवारातच. वय पंचेचाळीस. सांगितलेलं काम तो टाळत नसे आणि सांगितलेला शब्द विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

म्हाळूची बायको गिरजा तीन वर्षं खोकत होती. निम्मं गाव खोकत होतं. घासून ठेवलेल्या ताटावर तासाभरानं बोटानं नाव लिहिता येई.

मग शहरातून नेर्लेकर मॅडम आल्या. हवेतली धूळ मोजणं हा त्यांचा अभ्यास. त्यांनी शाळेच्या गच्चीवर एक पेटी बसवली. पेटी हवा ओढून घेई आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसे. शेजारी त्यांनी रुंद तोंडाचं एक भांडं ठेवलं. वरून पडेल ती धूळ त्यात साठायची.

"म्हाळूभाऊ," मॅडम म्हणाल्या, "यातली काही धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. माणसाच्या तोंडात जाते, छातीत उतरते. वर आभाळात गेली तर ऊन-पावसाचाही मेळ बिघडवते. आपण महिनाभर मोजू. मग जिल्ह्याचे हुलसुरेसाहेब येतील. त्यांना पटलं, तर क्रशरला पत्र्याची शेड आणि पाण्याचे फवारे लावावे लागतील."

"मग आमच्या हिचा खोकला जाईल?"

"कमी तरी होईल."

त्या दिवसापासून म्हाळू रोज सकाळी पेटीला हात जोडू लागला.

मॅडम दर सोमवारी येत. पहिल्या सोमवारी म्हणाल्या, "पेटीतला कागद काढून आणा बरं."

म्हाळूनं कागद काढला. बघतो तर राखाडी झालेला. शहरची बाई, तिच्या हातात असलं मळकं द्यायचं? त्यानं कागद साबणानं चोळला, पिळला, दोरीवर वाळवला आणि नेऊन दिला.

"घ्या. डाग काही राहिला नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, ती धूळच हवी होती!"

"मग आधी बोलायचं. धूळ पोतंभर देतो की."

"तसं नाही, म्हाळूभाऊ. नीट ऐका. जे मळलंय त्याला हात लावायचा नाही, धुवायचं नाही. चिमट्यानं धरायचं, बंद करून ठेवायचं, वर तारीख, वेळ, जागा लिहायची. त्याला म्हणतात नमुना. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या सोमवारी मॅडमनी चहा मागितला. म्हाळू चहा घेऊन आला. ग्लास चिमट्यात धरलेला. वर ताटली झाकलेली. ताटलीवर चिठ्ठी : सोमवार, अकरा वाजता, चुलीजवळ. मॅडमनी ताटली उचलली. ग्लासाच्या आत आदल्या आठवड्याची साय चिकटली होती.

"हे धुतलं नाही?"

"मळलं होतं. तुम्हीच म्हणालात, मळलेलं धुवायचं नाही."

"अहो, ते कागदाचं! माणसाच्या तोंडात जायचं असतं ते घासायचं, धुवायचं. धुऊन झालं की पालथं घालायचं. कळलं?"

"कळलं."

म्हाळू विचार करत गच्चीवर गेला. माणसाच्या तोंडात काय जातं? धूळ जाते. मॅडमच म्हणाल्या होत्या. आणि धूळ कशात आहे? या भांड्यात. त्यानं भांडं राखेनं घासलं, लख्ख धुतलं आणि पालथं घातलं.

तिसऱ्या सोमवारी मॅडम गच्चीवर गेल्या आणि तिथंच खाली बसल्या.

"तीन आठवड्यांची धूळ हवी होती यात, म्हाळूभाऊ."

"एक कणही ठेवला नाही," म्हाळू अभिमानानं म्हणाला.

मॅडमना ओरडावंसंही वाटेना. "हे उघडं ठेवायचं असतं. वरून जे पडेल ते पडू द्यायचं. आपण नुसतं बघायचं. आता पेटीचे दोनच कागद उरले. ते साहेब आधीच फोनवर म्हणतात, गाव म्हटलं की धूळ असायचीच. दोन कागदांवर ते कसले मानतात! सगळं बासनात जाईल."

म्हाळूनं भांडं सुलटं करून ठेवलं. खाली गिरजाचा खोकला ऐकू येत होता. आता मॅडमचा एक शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

बुधवारी गिरजानं अंगणात बाजेवर कुरडया घातल्या. "अहो, मी दळण घेऊन येते. लक्ष ठेवा."

म्हाळू लक्ष ठेवून बसला. वरून धूळ पडली. त्यानं बघितलं. वरून कावळे पडले. त्यानं बघितलं. मग वळवाची सर पडली. तीही त्यानं नीट बघितली. गिरजा आली तेव्हा बाजेवर चिखलाची लापशी झाली होती.

"काय बघत बसलात?"

"वरून जे पडेल ते पडू द्यायचं. आपण नुसतं बघायचं."

"तुमच्या बघण्याला आग लागो!" गिरजा म्हणाली आणि मग बराच वेळ खोकली. "पाण्याचा थेंब लागायच्या आत उचलायचं नि दाराआड ठेवायचं! एवढंही कळत नाही?"

"कळलं," म्हाळू म्हणाला.

चौथा सोमवार. साहेब यायचा दिवस. मॅडम त्यांना घ्यायला हमरस्त्याच्या फाट्यावर गेल्या. पण साहेबांची गाडी क्रशरच्या आडवाटेनं आली आणि तिथंच पंक्चर झाली. साहेब चालत निघाले. अंगावरून खडीचे चार डंपर गेले. शाळेत पोचले तेव्हा केस राखाडी, मिशा राखाडी, सफारी राखाडी. नुसती बुबुळं तेवढी काळी.

"ए, पाणी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"कशाला?"

"तोंड धुवायला!"

"धुवायचं नाही."

साहेब नळाकडे वळले. "मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला?"

म्हाळूनं त्यांना खालून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"नमुना," तो म्हणाला.

साहेबांनी नळाची चावी फिरवली. नळ आधी नुसताच फुसफुसला. थेंब लागायच्या आत म्हाळूनं घरातली सांडशी आणून त्यांची कॉलर धरली. हात अजिबात लावला नाही. खेळाच्या सामानाच्या खोलीत त्यांना दाराआड ठेवलं, कडी घातली आणि दारावर खडूनं लिहिलं : सोमवार, बारा वाजून पाच मिनिटं, नळाजवळ.

मॅडम घाईघाईनं आल्या. "म्हाळूभाऊ, साहेब आले?"

"साहेब नाही आले. पण काळजी सोडा. त्या भांड्याची भरपाई झाली. हा एवढा मोठा नमुना सापडलाय! जरा ओरडतो, पण ताजा आहे."

मॅडमनी धावत जाऊन कडी काढली. साहेब बाहेर आले ते खोकतच. अगदी गिरजासारखा खोकला, खोल, बरगड्या हलवणारा. मॅडमनी हात जोडले. साहेबांना बोलायचं खूप होतं, पण खोकला बोलू देईना. खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. मग रुमालाकडे बघत राहिले.

"दोन फर्लांग चाललो फक्त," ते म्हणाले. "हे लोक रोज इथं राहतात?"

"रोज, साहेब."

"आणा ते कागद."

शेड आणि फवारे लावावेत, असं लिहून साहेबांनी तिथंच सही केली. मग नळावर जाऊन डोकं, तोंड, मान खळखळून धुतली. म्हाळूनं या वेळी अडवलं नाही. साहेब नमुना नाहीत, माणूस आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो आत जाऊन एक स्वच्छ सतरंजी घेऊन आला, नळाजवळ अंथरली आणि अदबीनं उभा राहिला.

साहेबांना बरं वाटलं. "बसू म्हणतोस?"

"बसू नका, साहेब," म्हाळू म्हणाला. "धुऊन झालं ना? मग आता पालथे व्हा."