शास्त्रीबुवांना हवं ते पत्र

"नाही म्हणजे नाही! कांतिपूरचं उष्टं आमच्या शैलगड विद्यापीठात चालायचं नाही!" कुलगुरू धुंडिराजशास्त्री गरजले.

समोर उभी होती बुरुडाची मैना. कांतिपूरच्या विद्यापीठात दोन वर्षं वैद्यक शिकलेली, तीही पहिल्या नंबरानं. पण मोतीबिंदू काढायला शिकवणारे वैद्य साऱ्या मुलखात एकट्या शैलगडला!

"शास्त्रीबुवा, आईला दिसेनासं झालंय हो. टोपल्या विणताना रोज बोटं कापून घेते. मला ती विद्या शिकायचीय. हवी तर परीक्षा घ्या!"

पण ही दोन विद्यापीठं म्हणजे एकाच पेठेतली समोरासमोरची दोन दुकानं. एकानं फळी उघडली की दुसऱ्याच्या कपाळाला आठी!

"परीक्षा कशाला? कांतिपूरनं तुला खुशीनं सोडलं असेल, तर तू त्यांना नकोशी. त्यांना नकोशी ती आम्हाला कशाला? आणि नाखुशीनं सोडलं असेल, तर तू पळून आलेली. पळपुटी तर मुळीच नको!"

सभेतले पंडित खो खो हसले. शास्त्रीबुवांना आणखी चेव चढला.

"तुझ्या कुलगुरूंच्या हातचं पत्र आण. तू जातेस याची खुशी आणि तू जातेस याचं दुःख, दोन्ही एकाच पत्रात, आणि दोन्ही खरं! पौर्णिमेला प्रवेश बंद!"

मैना तडक कांतिपूरला गेली. कुलगुरू आत्मारामपंत लोण्याहून मऊ माणूस. पण बोरू हातात धरून बसले ते बसलेच.

"पोरी, खुशी लिहावी तर दुःख खोटं वाटतं, दुःख लिहावं तर खुशी. लिहू तरी काय?"

मैना त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. पंत डोळे पुसत हसले आणि एका दमात पत्र लिहून मोकळे झाले.

पौर्णिमेला शास्त्रीबुवांनी ते भरसभेत वाचलं:

"स. न. वि. वि. आमची लेक आपल्या घरी नांदायला पाठवीत आहोत. हट्टी आहे, पण हाताला गुण आहे. अभ्यासात जेवण विसरते, तेवढं पाहावं. उद्या वर्गात तिची जागा रिकामी दिसेल, तेव्हा धडा कसा सुरू करावा हे मला उमगत नाही. दिवाळीला माहेरी धाडावी. जाच कानावर आला, तर गाडी जुंपून स्वतः न्यायला येईन!"

"अगं, हे तर पाठवणीचं पत्र!"

"होय शास्त्रीबुवा. आपण आपल्या लेकीला, ताईंना सासरी धाडलंत, ते काय नकोशा झाल्या म्हणून?"

"जीभ आवर! स्थळ मी शोधलं, वाजतगाजत दिली!"

"म्हणजे खुशीच होती की! मग वेशीपाशी डोळ्यांत काय गेलं होतं?"

"दोन दिवस जेवले नव्हते!" मागून एक म्हातारे पंडित बोलून गेले.

शास्त्रीबुवांची मिशी थरथरली. "बरं, घेतली! पण पहिल्या वर्षापासून!"

"माहेरी स्वयंपाक शिकून आलेल्या सुनेला सासरी भातुकली मांडून देतात का हो?"

आता मात्र शास्त्रीबुवा पोट धरून हसायला लागले. उपरणं खांद्यावरून घसरलं तरी हसणं थांबेना!

"तिसऱ्या वर्षात बसवा हिला! आणि माझा मेणा काढा रे! विहीणबाईंना घेऊन या, त्यांच्या डोळ्यांचं आता आम्हीच बघतो!"