भाला धरणाऱ्याची कला

एकदा एक राजा एकाच दुपारी आठ वेळा तुरुंगात गेला. राजा संगीत नाटकातला होता आणि तुरुंग पडद्यावर रंगवलेला. पण आकडा आठच. मी पदरचा एकही घातलेला नाही.

त्याचे असे झाले. एका नाटक मंडळीत एक बुवा होते, त्या काळचे नामांकित गायक-नट. तिसऱ्या अंकात ते बंदिवान राजा होऊन कोठडीत एक पद गात. ते ऐकून पहारेकऱ्याचे हृदय द्रवे आणि तो दार उघडे. दार उघडले रे उघडले की प्रेक्षागृहातून आरोळी उठे, “वन्स मोअर!” मग काय, राजा मुकाट्याने पुन्हा आत, पहारेकरी पुन्हा कडी लावी आणि पद पुन्हा पहिल्यापासून. सात वन्स मोअर म्हणजे आठ वेळा कारावास! एका गावी तर सहाव्या खेपेला बिजागऱ्यांनीच राम म्हटला, आणि पहारेकऱ्याने पुढची दोन पदे दार हातात धरून काढली.

तीस वर्षे हे वैभव टिकले. मग वन्स मोअर आटू लागले. सातांचे चार झाले, चारांचा एक झाला. आणि एका गावी पद संपल्यावर नुसता कुणाचा तरी खोकला ऐकू आला. बुवांनी गळ्याला दोष दिला. ज्येष्ठमध झाला, अडुळशाचा काढा झाला, दही-चिंच वर्ज्य झाली. मंडळीचे मॅनेजर आबाजीपंत हळूच म्हणाले, “बुवा, रविवारचा खेळ बघू. तोही थंड गेला तर… आता विश्रांती घ्यावी.”

बुवांचा एक शिष्य होता, विश्वनाथ. गळा सुरेल, तान पल्लेदार. पण बुवांनी त्याला वर्षभर पहारेकरी करून ठेवलेले. तो धुमसत असे.

“बुवा, तोंडी एक ओळ नाही. भाला काय, खुंटीसुद्धा धरील.”

“खुंटी तुझ्यापेक्षा बरी धरील,” बुवा म्हणत, “ती जांभया देत नाही.”

रविवारची दुपार. थिएटर भरलेले. पडदा वर जायला थोडा अवकाश असताना बुवांनी आपला मुकुट विश्वनाथाच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः पहारेकऱ्याचा जाडाभरडा अंगरखा चढवला. आबाजीपंतांना घेरी यायची बाकी राहिली. “अहो, लोक तुमच्या नावावर आलेत! खुर्च्या फेकतील!”

“फेकू देत. माझ्या हातात भाला आहे.”

तिसरा अंक आला. विश्वनाथाने डोळे मिटून घोटलेल्या ताना आठवल्या आणि सूर लावला. दुसऱ्या चरणाला त्याने डोळे उघडले. समोर पहारेकरी होता. त्याच्या हातातला ताठ भाला किंचित कलला होता. तिसऱ्या चरणाला त्याने मान फिरवली, जणू पाहवत नाही. विश्वनाथ ताना विसरला. त्या एका माणसाचे मन वळावे म्हणून गाऊ लागला. दार उघडले आणि छप्पर हादरले, “वन्स मोअर!”

बुवांनी कडी लावली, भाला ताठ धरला आणि असे उभे राहिले, की हा कैदी गातो याची त्यांना वार्ताच नाही. असे पाच वेळा झाले.

खेळानंतर शिष्याने पाय धरले. “बुवा, हे काय केलंत?”

“विश्वनाथा, तीस वर्षं माझ्यासमोर धोंडू गुरव भाला घेऊन उभा राहायचा. जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही. आठ वेळा गायलो तर आठ वेळा द्रवायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच! त्याला पाहून मी गायचो, त्याला पाहून लोक ऐकायचे. गेल्या वर्षी गुडघे गेले म्हणून तो गावी गेला, आणि मी मूर्ख, काढे पीत बसलो! परवा गाताना तुझ्याकडे नजर गेली, तू जांभई गिळत होतास. तेव्हा रोग सापडला. नुसतं सांगितलं असतं, तर मान डोलावून विसरला असतास. म्हणून तुला आत कोंडलं.”



पुढल्या रविवारी आबाजीपंतांनी जाहिरातीत विश्वनाथाचे नाव ठळक छापले. बुवा अंगरखा घ्यायला खुंटीपाशी गेले, तर खुंटी रिकामी. तो अंगरखा घालून, भाला घेऊन विश्वनाथ उभा होता.

“मुकुट तुमचा, बुवा. मला आज ऐकायचंय.”

“अरे, शंभरदा ऐकलंयस ते पद!”

विश्वनाथाने निरागसपणे विचारले, “कोणतं पद?”

बुवा खो खो हसले आणि मुकुट घालून कोठडीत शिरले. त्या दुपारी राजा आठ वेळा तुरुंगात गेला.

आपल्याही घरी कोणी जुनीच हकिकत नव्या उत्साहाने सांगू लागले, तर जांभई गिळू नये. भाला नीट धरावा.