डीम्ड मयत

हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही, म्हणून वसाहत कार्यालयाने सुगंधाबाई तारळेकरांना खोली सोडण्याची इंग्रजी नोटीस धाडली. नवरा गेल्यापासून ही निवृत्त परिचारिका त्या खोलीत एकटीच राहत होती. नोटीस घेऊन बाई थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, यातलं 'डीम्ड' म्हणजे काय हो?"

वाकणकर साहेबांना इंग्रजी शिकवायची दांडगी हौस. "बाई, 'डीम' हे कायद्याचं क्रियापद आहे. एखादी गोष्ट नसली तरी आहे असं धरून चालायचं. तुम्ही डीम्ड मयत आहात. सोमवारी खोली रिकामी करा."

"मयतानं सामान कसं हलवायचं?"

"वारसानं हलवायचं."

"वारस कुणी नाही."

"मग वारसातर्फे तुम्हीच हलवा!"

बाईंनी अर्ज पुढे केला. "मला जिवंत धरा, एवढीच विनंती आहे."

"मयताचा अर्ज चालत नाही. नामंजूर!"

"तसं रीतसर लिहून द्या."

साहेबांनी ऐटीत लाल शाईने शेरा मारला, 'अर्जदार बाई आज समक्ष हजर. म्हणणे ऐकले. अर्ज नामंजूर.' खाली तारीख, सही आणि गोल शिक्का.

बाईंनी तो कागद शेजारच्या टेबलावर कारकुनाला दिला. "हा माझा हयातीचा दाखला. अधिकाऱ्यानं समक्ष पाहिल्याची सही लागते ना? आहे."

कारकुनाने कागद दोनदा वाचला, नोंद केली आणि नोटीस रद्द केली.

"अहो, मी नामंजूर केलंय!" साहेब ओरडले.

"अर्ज नामंजूर केलात, साहेब. मला पाहिलंत ते तसंच राहिलं. हवं तर स्वतःला डीम्ड आंधळे धरा, पण तेही लाल शाईनं लिहून द्या."